तीन अडि

माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात माझ्या नाकाचे हाड मोडले. ते माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने मोडले, आणि त्याला निमित्त झाला एक मराठी शब्द.

समारंभ चेन्नईत पेरुंगुडीच्या एका उंच इमारतीत, वरपक्षाच्या घरी होता. ती मंडळी नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून इकडे आलेली, त्यामुळे त्यांचे मराठी कडक इस्त्रीचे. आमचे मराठी तंजावरचे. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहून त्याची चाल बदललेली आहे. पुस्तकी मराठी मी पुढे स्वतःच्या हिमतीवर कमावले. शाळेत मी नववीपर्यंतच गेलो. त्यापुढे शाळेजवळ मला देण्यासारखे काही उरले नव्हते.

नवऱ्यामुलाची आई मोठ्या अदबीने आमच्या दोघांसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "तुम्हा भावांचं काहीतरी बिनसलंय असं कानावर आलं. आता सोयरीक होतेय, म्हणून विचारते हं, रागावू नका. मनात काही अढी नाही ना?"

आता तमिळमध्ये ‘अडि’ म्हणजे पाऊल. त्याच पावलाने जमीन मोजतात, म्हणून अडि म्हणजे फूट. आणि अडि म्हणजे मारही. कोणी कोणाला दिलेला फटका, तोही अडिच. मराठीतील ‘ढ’ हे अक्षर आमच्या तंजावरी जिभेवर टिकत नाही, आणि जे जिभेवर टिकत नाही ते कानातही शिरत नाही. ‘अढी’ हा शब्द मी पुस्तकात वाचलेला होता. कोणाच्या तोंडून ऐकलेला नव्हता.

"आहे," अण्णा म्हणाला. "तीन."

बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

"तीन नाही, अडीच," मी दुरुस्ती केली. "अर्धी ह्याच्या पायरीनं खाल्ली."

"पायरी बापानं बांधली होती, डेय!"

"बापानं बांधली, तू लांबवलीस!"

बाईंचे हसू अर्ध्यावर राहिले. अण्णा उठला. ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात तो फोरमन आहे, आणि त्याच्या मुठीला लोखंडाची सवय आहे. हाड मोडल्याचा आवाज बाहेर होतो असे लोक समजतात. तो आत होतो, कानाच्या मागच्या बाजूस. पडताना मी त्याचा सदरा धरला, आणि आम्ही दोघेही काचेच्या टीपॉयवर कोसळलो. साखरेचा पुडा फुटला. माझ्या नाकातील रक्त त्या साखरेवर पडून तिचे गोळे होऊ लागले. अण्णाचा गुडघा माझ्या छातीवर होता. मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला आणि तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडला नाही. तो माझ्यापेक्षा हातभर उंच आहे, आणि बुटक्या माणसालाही देवाने दात दिलेले आहेत.

माझी पुतणी मधे पडली नाही. ती भिंतीला टेकून उभी होती. आम्ही दोघे धापा टाकत थांबलो तेव्हा तिने हातातले फडके दाखवले.

"संपलं का?" तिने विचारले. "उजूण थोडं असेल तर करून घ्या. मग मी पुसत्ये."

तांबरमला आमच्या वडिलांच्या जागेवर दोन घरे आहेत, एक अण्णाचे, एक माझे. दोहोंच्या मधे तीन अडि रुंदीची बोळ आहे. वडील गेल्यावर माझ्या घराच्या सांडपाण्यासाठी मी अण्णाकडे ती मागितली आणि अण्णाने तोंडी ‘घे’ म्हटले. पुढे मी तिथे नळ टाकला, नळाला कट्टा बांधला आणि कट्ट्याला दार लावले, तेव्हा अण्णा म्हणू लागला की वाट दिली होती, जागा दिली नव्हती. एका सकाळी तो पहार घेऊन आला आणि त्याने माझा नळ उखडला. मी आडवा झालो. पहारेचा दुसरा घाव नळावर पडायचा तो माझ्या गळ्याजवळच्या हाडावर पडला. मी वीट उचलून त्याच्या कानशिलावर हाणली. त्याच्या कानाची पाळी लोंबू लागली. माझ्या पत्नीने बोळीत फिनेलचे पाणी ओतले, पण लाल डाग सिमेंटने पिऊन घेतला तो घेतलाच.

पोलिसांकडे दोघांच्याही तक्रारी गेल्या. माझी अर्थात मीच लिहिली. अण्णाने आपली माझ्याच शेजारच्या टेबलावर लिहून घेतली, माझ्या डोळ्यांदेखत, आणि तिच्यात चार ओळी सरळ नव्हत्या.

इथे माझ्या धंद्याविषयी सांगणे भाग आहे. तांबरमच्या तालुका कचेरीसमोर करंजाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. जमिनीचा पट्टा, वारस, शिधापत्रिका, सगळे अर्ज मी लिहितो. परंतु माझे नाव आहे ते मारहाणीच्या तक्रारींसाठी. हाताने मारले, पायाने तुडवले, कानांनी ऐकवणार नाहीत अशा शिव्या दिल्या आणि जिवे मारण्याची धमकी दिली: हे वाक्य प्रत्येक तक्रारीत असते, पण ते कुठे ठेवायचे हे शिकायला आयुष्य जाते. बायका येतात. डोळा सुजलेला असतो, ओठ फाटलेला असतो, आणि त्या सांगतात, "पायरीवरून पडले, अय्या." अय्या म्हणजे साहेब. मी सोबतच्या पुरुषाला झाडापलीकडे उभे राहायला सांगतो. पेन खाली ठेवतो. पडण्याखेरीज दुसरे क्रियापद येईपर्यंत मी ते उचलत नाही. ते क्रियापद येते. मोठमोठ्या वकिलांना जे उलटतपासणीत साधत नाही ते मी पेन खाली ठेवून साधलेले आहे.

साखरपुड्यानंतर वरपक्षाचा निरोप आला. मुलगी आम्हाला हवीच आहे, पण मांडवात ते दोघे पुन्हा भिडले तर आमच्या नातेवाइकांत आम्हाला तोंड दाखवता येणार नाही.

हा निरोप अण्णापेक्षा मला अधिक लागला. त्याचे कारण असे. माझी वहिनी मुलगी लहान असतानाच वारली. विधुराने एकट्याने कन्यादान करू नये, ते काका-काकूंनी करावे, ही आमच्या घराण्याची रीत. मला मूल नाही. त्या मुलीचा हात हातात घेऊन त्यावर पाणी सोडण्याचा जो एक क्षण, तो मला आयुष्यात दुसऱ्या कोणाकडून मिळणार नव्हता. माझ्या पत्नीने त्यासाठी गर्द हिरवी कांजीवरम घेऊनही ठेवली होती. अण्णाला हे खुपत होते. जन्म त्याने दिलेला, आणि दान मी करणार.

एका रविवारी पुतणी बोळीत उभी राहिली आणि तिने दोन्ही घरांना एकदम हाक मारली.

"काका, तू जल्मभर सांगतोस, कांबोजची देवळं आमच्या कांचीच्या माणसांनी बांधली मणून. चल, दाखव मला. अप्पा, तू पण."

"ह्याच्याबरोबर? मी?" अण्णा खिडकीतून म्हणाला.

"एक खोली, तीन पलंग. जाऊन परत येईपर्यंत कोणी कोणावर हात उचलला नाही, तर लग्न मांडवात. काकानं कन्यादान करायचं, तू बाजूला उभं राहायचं. एक हात उठला, तर रजिस्ट्रार ऑफिसात सही. दोघंही आत नाही."

अण्णाने विचार केला. "आणि शिव्या?"

"शिव्या चालतील. तुम्ही मुके होऊन बसलात तर मला भ्या वाटेल."

कांबोज म्हणजे कंबोडिया. तिथल्या ख्मेर राजांची नावे ‘वर्मन’वर संपतात आणि आमच्या पल्लवांचीही ‘वर्मन’वरच संपतात, एवढा पुरावा मला पुरेसा होता. करंजाच्या झाडाखाली हा विषय मी अनेकदा मांडलेला आहे आणि आजवर त्याचे कोणी खंडन केलेले नाही. ती देवळे डोळ्यांनी पाहावी ही माझी जुनी इच्छा होती. ती अशी पुरी होईल, डाव्या बाजूला मुलगी आणि उजव्या बाजूला माझे नाक मोडणारा माणूस, हे मात्र मनात आले नव्हते. विमानात अण्णाने खुर्चीच्या मधल्या हातावर आपला कोपर ठेवला. मी माझा ठेवला. चेन्नईपासून आम्ही ते कोपर काढले नाहीत. त्याच्या मनगटावर माझ्या दातांची महिरप अजून जांभळी होती.

अंगकोरच्या मोठ्या देवळात शिरताच मी गाभाऱ्याकडे न जाता भिंतींकडे वळलो. लांबच लांब ओसरी, आणि तिच्या भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुरुक्षेत्र कोरलेले. दगड माणसांच्या हातांनी काळा गुळगुळीत झालेला. एका बाजूने कौरव, दुसऱ्या बाजूने पांडव, मधे चेंदामेंदा. भाल्याचे पाते एकाच्या तोंडात शिरून मानेतून बाहेर आलेले. घोड्याच्या टापेखाली एकाची बरगडी. हत्तीने सोंडेत धरलेला शिपाई हवेत, त्याचे पाय अजून धावताहेत. भीष्म बाणांवर पडलेला. आणि मला जे विलक्षण वाटले ते असे की मारणारा आणि मरणारा, दोघांचेही ओठ सारखेच मिटलेले आहेत, किंचित हसल्यासारखे. मी इतक्या तक्रारी लिहिल्या, परंतु हे मला लिहिता आलेले नाही. मारताना माणूस खरोखर असाच दिसतो. साखरपुड्याच्या दिवशी अण्णा असाच दिसत होता.

"हे अस्कि, एवढं सगळं भांडण कशावरून?" अण्णाने विचारले.

"शेवटी पाच गावांवरून."

"आमचं तीन अडिवरून. स्वस्तात सुटलो की."

मुलगी हसली. अण्णाही हसला. मला हसायचे नव्हते, तरी माझा ओठ हलला.

पुढच्या ओसरीत यमाचा दरबार आहे. यम रेड्यावर बसलेला, पुष्कळ हातांचा, प्रत्येक हातात दांडके. वर पालख्यांतून स्वर्गाला चाललेले लोक, खाली नाकात दोरी ओवून ओढत नेलेले पापी. कोणाच्या सर्वांगात खिळे ठोकलेले, कोणाला उखळात कुटलेले, कोणाला काट्यांच्या झाडाला उलटे बांधलेले. आणि मधे, यमाच्या जवळ, बसलेला चित्रगुप्त. मी चपला नसलेल्या पायांवरची धूळ झटकली आणि हात जोडले. कांचीत त्याचे देऊळ आहे, तिथे मी दरवर्षी जातो. आमच्या धंद्याचा तो मूळ पुरुष.

"तुझा मालक," अण्णा म्हणाला. "पण बघ की रे, लिहीत काही नाही. नुसतं बोट दाखवतोय. बोट दाखवलं की माणूस खाली."

"लिहून झाल्यावर बोट दाखवायचं असतं."

"आणि हा बुटका कोण? हा, ज्याला दांडक्यानं हाणतायत? नाक बघ त्याचं."

माझी मूठ वळली. मी ती पॅन्टच्या खिशात घातली. पुतणी माझ्या खिशाकडे पाहत राहिली, आणि मूठ उघडेपर्यंत पाहत राहिली.

त्या संध्याकाळी खोलीत कोणी कोणाला मारले नाही. अण्णाने पंखा आपल्याकडे वळवला. मी तो मधे वळवला. त्याने शिवी दिली, मी दिली, मुलीने दिवा घालवला. मला वाटू लागले की मांडव उभा राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी टुकटुकवाल्याने आम्हाला विटांच्या एका लहान देवळाशी नेले. एका ओळीत पाच शिखरे, समोर गवत, गर्दी अजिबात नाही. मधल्या शिखराखाली गाभारा, आणि आत विटांच्याच भिंतीवर कोरलेला विष्णू. एक पाय इकडे चौथऱ्यावर, दुसरा लांब टाकून एका देवीने धरलेल्या कमळावर. मधे पाण्याच्या लाटा. वरून उन्हाचा तुकडा त्याच्या मांडीवर पडला होता.

"त्रिविक्रम!" मी म्हणालो. माझा आवाज त्या चिंचोळ्या जागेत घुमला. "वामनानं बळीकडे तीन पावलं भूमी मागितली. मूवडि. तीन अडि."

मुलीने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा अण्णाकडे.

अण्णा मान वर करून भिंत पाहत होता. "हिंगट एक पाय, तिंगट एक पाय," तो सावकाश म्हणाला. "तिसरा कोट?"

"तिसरा बळीच्या डोक्यावर."

"बळी कोट?"

"तो पाताळात गेला. पायाखाली दाबला त्याला."

"म्हणजे असं," अण्णा म्हणाला, आणि आता तो भिंतीकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होता. "एक बुटका हात जोडून येतो. अण्णा, थोडी जागा दे, मणतो. मोठा माणूस तोंडानं मणतो, घे. मग बुटका मोठा होतो. नळ टाकतो. कट्टा घालतो. दार लावतो. आणि देणाऱ्याच्या डोक्यावर पाय. हाच तुझा देव?"

माझ्या जागी दुसरा कोणी गप्प राहिला असता. मला मात्र त्या क्षणी एक गोष्ट लख्ख दिसली, जी कोणा शास्त्र्याने मला सांगितलेली नव्हती. मी म्हणालो, "हो, हाच. तो साक्षात देव असून त्यानं हिसकावलं नाही. अर्ज केला. रीतसर मागितलं. दिलेला शब्द दिलेला असतो, अण्णा. बळी राक्षस होता, पण बोललेलं फिरवलं नाही त्यानं."

"राक्षस मी?"

"बाहेर चला," पुतणी म्हणाली. "नारळ राहिलाय."

निघताना माझ्या पत्नीने नवस सांगितला होता, लग्न ठरलेल्या मुलीसाठी परदेशातल्या पहिल्या देवाच्या दारात नारळ फोडायचा. आमच्याकडे तो हलक्या हाताने दोन शकले करून फोडत नाहीत. दगडावर आपटून त्याच्या ठिकऱ्या उडवायच्या असतात. जितक्या ठिकऱ्या, तितकी विघ्ने फुटली. मोठ्या देवळात गर्दीमुळे तो राहिला होता. मुलीने बाजारातून शेंडीचा नारळ आणलेला होता. तिने तो पिशवीतून काढला आणि पायऱ्यांखाली आमच्या दोघांच्या मधे धरला. ही तिची चूक. एकाच्या हातात द्यायचा होता.

"कन्यादान मी करणार, तर नारळ मी फोडतो," मी म्हणालो आणि तो धरला.

अण्णाचे दोन्ही पंजे माझ्या हातांवर पडले. "बाप जिवंत आहे तिचा. थोरला मी."

"सोड."

"तू सोड. तीन अडि घेतलीस, मुलगी घेतलीस, नारळ तरी माझा ठेव!"

त्याने पिळले. माझी बोटे सालीच्या केसांत अडकली होती. मी त्याच्या नडगीवर लाथ मारली. त्याने कपाळ माझ्या मोडलेल्या नाकावर आदळले आणि माझ्या डोळ्यांपुढे सगळे पांढरे झाले. मुलगी "अप्पा! काका!" म्हणत पुढे झाली. आम्ही दोघांनी मिळून तो नारळ उचललेला होता, डोक्याच्या वर, चार हातांत, आणि तो खाली कोणाच्या जोराने आला हे मला आजही सांगता येत नाही. तो पायरीच्या कडेवर फुटला. असा फुटलेला नारळ मी कधी पाहिलेला नाही. करवंटीच्या ठिकऱ्या बंदुकीच्या छऱ्यांसारख्या उडाल्या, आणि त्यांतली एक पुतणीच्या भुवईत घुसली.

ती ओरडली नाही. तिने हात लावला, हाताकडे पाहिले, आणि खाली बसली. रक्त बोटांच्या फटींतून आले, मग कोपरापर्यंत, मग तिच्या फिक्या पिवळ्या कुर्त्यावर. नारळाचे पाणी आणि ते रक्त त्या जुन्या पायरीवरून एकत्र ओघळले. पहारेकरी शिट्टी फुंकत धावत आला. त्याला वाटले आम्ही देऊळ फोडतो आहोत. त्याने माझी मानगूट धरली, अण्णाने त्याची धरली, आणि पहारेकऱ्याने मुलीचा चेहरा पाहताच आम्हा दोघांना ढकलून देऊन स्वतःच्या गळ्यातले फडके तिच्या भुवईवर दाबले.

टुकटुकवाल्याने आम्हाला एका लहान दवाखान्यात पोचवले. डॉक्टर तरुण बाई होती, इंग्रजी जाणणारी. तिने जखम धुतली. ती डोळ्यापासून नखभर वर होती. मग तिने मागे वळून आमच्याकडे पाहिले: माझ्या नाकातून पुन्हा रक्त वाहत होते, अण्णाचा सदरा फाटलेला होता. तिने आम्हाला हाताने खूण केली, दाराशी जाऊन उभे राहा. मग आवाज उतरवून तिने मुलीला विचारले, काय झाले.

मी ती खूण ओळखली. ती माझी खूण आहे. मी पुरुषांना झाडापलीकडे पाठवतो ते असेच.

"पडले," पुतणी इंग्रजीत म्हणाली. "पायरीवरून."

डॉक्टरने सुई खाली ठेवली.

तिने आणखी काही विचारले नाही. ती थांबली, आणि वाट पाहू लागली. इतकी वर्षे मी त्या टेबलाच्या अलीकडे बसलो होतो. दाराशी उभ्या असलेल्या पुरुषाला त्या वेळी काय होते हे मला ठाऊक नव्हते. ते तिथे कळले. पुतणी माझ्याकडे पाहत नव्हती. ती त्या हजार बायकांसारखी भिंतीकडे पाहत होती.

"नो फॉल," मी दारातून मोठ्याने म्हणालो. "मी मारला. नारळ. मी."

अण्णा गर्रकन वळला. "काय मणतोस? माझा हात वर होता!"

"जोर माझा होता."

"तुझ्यात कोटला जोर, बुटक्या? डॉक्टर, आय हिट. फादर. मी बाप. मी मारला!"

"खोटं बोलतोय. नारळ माझ्या हातात होता!"

"माझ्या!"

त्याने माझी कॉलर धरली, मी त्याचा कान धरला, तोच, वीट लागलेला. डॉक्टरने कोणाला तरी हाक मारली. तेव्हा पुतणी खाटेवर उठून बसली. भुवई उघडी, रक्त पुन्हा सुरू झालेले.

"हे पण वाटून घेता येत नाही तुम्हाला?" ती ओरडली. तिला इतक्या मोठ्याने बोलताना मी कधी ऐकले नव्हते. "आई पण ‘पडले’च मणायची. तिला नव्हतं सांगता येत, मला येतं. अप्पा, काका, दोघांनी मारलं. लिहा. दोघांनी!"

आम्ही हात खाली घेतले.

डॉक्टर टाके घालत होती तेव्हा पुतणी डोळे मिटून बोलली. आवाज अगदी नेहमीचा होता, म्हणून जास्त ऐकू आला. "लग्नात दागिना नोको मला. साडी नोको. ती तीन अडि द्या."

"बोळ?" अण्णाने विचारले. "घेऊन काय करशील?"

"कुलूप लावीन. तुम्ही दोघांनी तिंगट पाय घालायचा नाही."

अण्णाने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले. तोंडानेच द्यायचे होते, पण या वेळी ऐकणारी ती होती. "घे," अण्णा म्हणाला. मीही म्हणालो, "घे." मला वाटले, आता ती डोळे उघडून म्हणेल की बाकीचे झाले ते जाऊ दे. ती तसे काही म्हणाली नाही. हात उठला होता, आणि अट तिने आधीच सांगितलेली होती.

बक्षीसपत्र मी लिहिले. त्यातली चतुःसीमा अशी बांधलेली आहे की कोणत्याही कोर्टात तिला सुई लागणार नाही. माझा नळ मीच उखडला. अण्णाची लांबवलेली पायरी त्याने त्याच पहारेने फोडली, आणि फोडताना एक दगड मुद्दाम माझ्या दाराकडे उडवला. मी तो परत उडवला. बोळीच्या दोन्ही तोंडांना आता दारे आहेत आणि किल्ली पेरुंगुडीला, पुतणीच्या सासरी असते. पावसाचे पाणी आत साचते, डास होतात, आणि दोघेही आपापल्या खिडकीतून एकमेकांना शिव्या देतो.

लग्न तांबरमच्या रजिस्ट्रार ऑफिसात झाले. ते माझ्या टेबलापासून रस्त्याच्या पलीकडे आहे. माझी पत्नी हिरवी कांजीवरम नेसून साक्षीदार म्हणून आत गेली. अण्णा आणि मी करंजाखाली उभे राहिलो. माझ्या शेजारच्या टेबलावाल्याने अण्णाला बसायला स्टूल दिले. त्याने ते घेतले नाही, कारण मी उभा होतो. आतून कोणाचे तरी हसणे ऐकू आले. मी माझा उजवा हात पाहिला. त्यावर नारळाच्या केसांचे ओरखडे अजून होते. एवढ्या जवळ ते चालले होते की आतल्या कारकुनाचा आवाज मला ओळखता येत होता.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या भुवईत एक बारीक पांढरी रेघ होती, तिथे केस उगवलेले नव्हते. तिने आधी अण्णाच्या पायांना हात लावला, मग माझ्या. नवऱ्यामुलाची आई पेढ्यांचा पुडा घेऊन मागे होती. तिने दोघांच्या हातांवर पेढे ठेवले, आणि जरा भीत भीत, एक पाऊल मागे राहून विचारले, "मग? आता अढी नाही ना?"

"नाही," अण्णा म्हणाला. "तिच्या नावावर केली."